अबोल्यातलं ताट

बातमी आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. कोराडीच्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या पायरीवर सकाळचं ऊन येतं, तिथं सूप घेऊन बसायची माझी जुनी सवय. आमचे हे वीजघरातली पाळी संपायच्या आधीच घरी आले. एरवी ते दारातच थांबून अंगावरची राख झटकतात, चपला एकमेकींवर आपटतात आणि मगच आत पाऊल टाकतात. त्या दिवशी ते तसेच थेट माझ्यापर्यंत चालत आले. खांद्यावर राख, भुवयांवर राख. "वहिनी गेली," म्हणाले. प्लांटच्या फोनवर निरोप आला होता. मी "बरं" म्हटलं. खरंच, एवढंच म्हटलं... आणि सुपात उरलेले तांदूळ शेवटपर्यंत निवडले. खडे अंगणात फेकले, तांदूळ डब्यात भरले, डब्याला झाकण लावलं, मग साडी बदलायला आत गेले. हे पायरीवर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असेल, बाई धीराची आहे. धीरबीर काही नव्हता. आत काही हललंच नव्हतं, आणि आता कित्येक आठवडे उलटून गेले तरी ते हललेलं नाही. ओळखीच्या एक-दोघींनी सांगितलं, लिहून बघा, मोकळं वाटेल. मोकळं वाटेल असं मला वाटत नाही. पण बसले आहे लिहायला.

वहिनी म्हणजे यांच्या थोरल्या भावाची बायको, माझी थोरली जाऊ, वेणूबाई. मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणत असे. नागपुरात विणकरांच्या वस्तीतल्या जुन्या घरात त्या एकट्या राहत. आम्ही बसनं निघालो तेव्हा पुढं कोळशाच्या ट्रकांची रांग होती. ड्रायव्हर शिव्या घालत होता, खिडकीतून काळी धूळ आत येत होती आणि मी मांडीवरच्या पिशवीचे बंद नीट करत होते. पोचलो तेव्हा ओट्यावर बायका जमलेल्या होत्या. शेजारच्या मथुराबाईंनी माझा हात धरला आणि सांगायला लागल्या, "काय सांगू माय, सकाळी पान्याले हाक मारली तं ओ नाही. दार लोटून पाहतो तं मागाजवळ निजल्या होत्या. हात लावला तं गार..." मी आत गेले. पुढच्या खोलीत बाईंचा खड्डामाग. भिंतीतल्या कोनाड्यात कोराडीच्या देवीची तसबीर, तिला आम्ही सगळेच आई म्हणतो. आईपुढं आदल्या सांजेचं ताट वाढलेलं होतं. भात, वरण, चिमूटभर मीठ. भात सुकून टणक झाला होता. आणि चुलीशेजारी बाईंचं स्वतःचं ताट पालथंच, कोरडं, पातेल्यात त्यांच्या वाटणीचा भात तसाच. म्हणजे आईला वाढून झालं होतं आणि स्वतः जेवायच्या आधीच काहीतरी झालं. आई जेवली आणि बाई उपाशी गेल्या, असं माझ्या मनात स्पष्ट उमटलं. बायका रडत होत्या. मी आईपुढचं ते ताट उचललं, मागं मोरीवर नेलं आणि घासून ठेवलं.

मी लग्न होऊन या घरात आले ते उमरेडहून, साठ सालानंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत. आम्हीही विणकरच, पण आमच्याकडचा माग आजोबांबरोबरच संपला. वडील शाळेत शिकवत, त्यामुळं मला मागाचं काही म्हणजे काही येत नव्हतं. इथं पाहते तो पुढची अख्खी खोली मागानं खाल्लेली. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, ज्यांना सगळे दादाजी म्हणत, ते खड्ड्यात पाय सोडून दिवसभर विणत बसलेले. हे तेव्हा नोकरी शोधत होते. आम्हा नव्या जोडप्याला मागच्या अंधाऱ्या खोलीत जागा मिळाली आणि पुढची हवेशीर खोली मागाला. त्या मागाबद्दल माझ्या मनात पहिल्या दिवसापासून राग होता आणि तो मी कधी लपवलाही नाही. "बाई, हा माग गेला तं खोली केवढी होईन," असं मी येताजाता म्हणायची. बाई हसायच्या. "माग गेला तं तू बी जाशीन उपाशी, वकीलनबाई." मी प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून त्यांनी मला वकीलीण करून टाकलं होतं.

बाईंच्या वाट्याचं काम होतं सांधायचं. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावर उभे ताणलेले धागे असतात, तो ताणा. ते सगळे धागे फणीच्या बारीक दातांतून एकेक करून ओवलेले असतात. ताणा विणून संपत आला, लुगडी कापून काढली, की विणकर ताण्याची शेवटची वीतभर टोकं फणीत तशीच लोंबती ठेवतो. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा या जुन्या टोकांना जोडायचा. गाठ मारायची नाही. बोटांना चुलीची राख लावून दोन टोकं नुसती एकमेकांत वळायची, की बसली. म्हणून फणीतली टोकं कापायची नसतात. ती कापली म्हणजे तो माग बंद झाला. आणि आमच्या घरात रीत अशी की कापायचीच वेळ आली तर ती घरातल्या थोरल्या बाईनं स्वतःच्या हातानं कापायची. दुसऱ्या कुणी कात्री लावायची नाही.

सांधत असताना बाई आईशी बोलत. हे मला सुरुवातीला फार चमत्कारिक वाटायचं. पूजा, आरती, स्तोत्र यातलं काही नाही. नुसत्या गप्पा. "आई, नळाले पानी आलं नाही वं आज." "आई, ह्या सुताले काय झालं, तुटूनच राहिलं." दादाजी चिडले की आईजवळ तक्रार, माझ्याकडून दूध उतू गेलं की तेही तिला कळवायचं. आणि दोन्ही वेळा आपल्याआधी तिचं ताट. मी एकदा म्हटलं, "बाई, देव काय उत्तर देते काय?" तर म्हणाल्या, "तुह्यी सासू तुले उत्तर देत होती काय? पन घरात होती ना." आमच्या सासूबाई खरोखरच अबोल होत्या.

बाईंना एकच मुलगी, कमल. शाळेत नुकती जाऊ लागली होती. बापानं विणायला घेतलं की खड्ड्याच्या काठावर बसून, आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या त्याच्या धोट्याच्या फेऱ्या मोजायची आणि आकडे विसरली की पुन्हा एकपासून सुरू. एका पावसाळ्याच्या अखेरीस तिला ताप आला. डॉक्टर झाले, औषधं झाली, कुणी सांगितलेला अंगारा झाला. बाई तिला मांडीवर घेऊन कोनाड्यासमोर बसायच्या आणि आईला सांगायच्या, "तू पाहून राहिली ना? बस, मंग." त्यांच्या आवाजात भीती नव्हती, हे मला आजही आठवतं. त्या तापात तिनं आठवडाही काढला नाही. कमल गेली.

सुतक फिटल्यावर दादाजी मागावर बसले, कारण बसल्याशिवाय चूल पेटणार नव्हती. ताणा आधीच घरात येऊन पडला होता, एका लुगड्यापुरता, हिरव्या अंगाचा, लाल काठाचा. बाई सांधायला बसल्या. मी समोर बसून धागे वेगळे करून देत होते. घरात आवाज नव्हता. मला वाटलं दुःखामुळं बोलत नाहीत. दादाजींनी हातभर विणलं आणि थांबले. "कमलची माय," त्यांनी सवयीनं हाक मारली... आणि तिघंही तसेच थांबलो. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "हे पाय. सांधताना अदलाबदल झाली." काठाजवळच्या दोन टोकांची उलटापालट झाली होती. काठाच्या लालमध्ये एक हिरवा धागा शिरला होता आणि अंगाच्या हिरव्यात एक लाल. सांधण्यातली ही चूक एका जागी राहत नाही, ताणा संपेपर्यंत लुगड्याच्या लांबीभर रेघ चालत राहते. बाईंच्या हातून अशी चूक मी आधीही पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. दादाजी म्हणाले, तोडून पुन्हा सांध. बाई म्हणाल्या, "राहू द्या." "शेठ घेनार नाही वं." "नाही तं नाही. राहू द्या." दादाजींनी ते लुगडं तसंच विणलं. सूत देऊन लुगडी घेणाऱ्या शेठनं खरंच परत पाठवलं आणि ते घरी राहिलं.

कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की बाई आमच्याशी बोलू लागल्या आहेत, मथुराबाईंशी बोलतात, भाजीवाल्याशी घासाघीस करतात, फक्त आईशी बोलत नाहीत. कोनाड्याकडं बघतसुद्धा नव्हत्या. मात्र दोन्ही वेळा ताट वाढत होत्या, मान फिरवून. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, तुम्ही आईसंग बोलत नाही काय?"

"नाही."

"मंग ताट कायले वाढता?"

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जसं काही मी भाताला कणीक म्हटलं. "काहून वं? अबोला धरला म्हनून घरच्या मानसाले उपाशी ठेवते काय कोनी? भांडन भांडनाच्या जागी."

"आन् ती? तिनं तं तुमचं ऐकलं नाही."

बाईंनी परात पुढं ओढली. मग म्हणाल्या, "नाही ऐकलं. पन ती उठून नाही गेली. तिथंच बसून आहे. तोंड मीच फिरवलं." आणि कणीक मळायला लागल्या. माझ्या वडिलांनी मला पुष्कळ शिकवलं होतं, पण असल्या बोलण्याला काय म्हणायचं ते शिकवलं नव्हतं. मला तेव्हा ते वेडेपणाचं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा संतापही आला, आईचा आणि बाईंचाही.

तो अबोला वर्षभर चालला. पुढच्या नवरात्रात बाई म्हणाल्या, "चाल, कोराडीले जाऊ." त्या काळी तिथं वीजघराच्या चिमण्या नव्हत्या, राख नव्हती, मोकळी शेतं होती, आणि नवरात्रात माणसं पायी जात. बाईंनी ते चुकलेलं लुगडं नेसलं. गर्दीत ढकलत ढकलत आम्ही आईपुढं पोचलो. बाकीच्या बायका ओटी भरत होत्या, नवस बोलत होत्या. बाईंनी कमरेपाशी काठ दोन्ही हातांनी ताणून धरला आणि आईला दाखवला. "पाय," म्हणाल्या. "माह्या हातून हे असं झालं. पाय." बस. मागच्या बायका ओरडायला लागल्या, पुजाऱ्यानं पुढं सरकवलं. मी बाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं, तर त्या आईकडं रोखून पाहत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. परतीच्या वाटेवर आम्ही पुष्कळ अंतर चाललो. मग एकाएकी बाई म्हणाल्या, "आई, हे चप्पल लई चावून राहिली वं." माझ्याशी नाही, तिच्याशी. मी चपापून त्यांच्याकडं पाहिलं. त्या चप्पल हातात घेऊन पुढं निघाल्या होत्या. एक अख्खं वर्ष, आणि संपलं ते चपलेवर.

दादाजी मात्र शेवटपर्यंत त्यांना 'कमलची माय' म्हणत राहिले. पहिले काही दिवस मला ते ऐकवत नसे. नंतर कान सरावले.

मग ती सुताच्या टंचाईची वर्षं आली. सूत मिळेना, मिळालं तर परवडेना, आणि यंत्रमागाचं कापड बाजारात स्वस्तात पडलेलं. वस्तीतले माग एकामागून एक उठत गेले. दादाजी धान्याच्या बाजारात पोती उचलायला जाऊ लागले. विणकराचे हात ते, संध्याकाळी घरी येऊन नुसते मांडीवर ठेवून बसायचे. एक दिवस वैतागून म्हणाले, "टोकं काप, कमलची माय. खड्डा बुजवून टाकू." मी मनातून खूश झाले, खोटं कशाला सांगू? पण बाई म्हणाल्या, "काऊन कापू? ताना धाडनं आईचं काम आहे, टोकं धरून राहनं माह्यं. तिनं आपलं सोडलं असं मले अजून तं दिसलं नाही." रोज सकाळी त्या फणीतली लोंबती टोकं कुंच्यानं विंचरायच्या, चिकटू नयेत म्हणून राख लावायच्या. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरलं, तेव्हा त्यांनी फणी आणि तिच्यामागच्या दोऱ्या टोकांसकट अलगद उचलल्या, जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि खुंटीला टांगून ठेवल्या. पाणी ओसरल्यावर पुन्हा जागेवर. दिवाळीच्या आधी विणकरांच्या सोसायटीकडून सूत आलं. बाईंनी कोनाड्याकडं बघून मान हलवली. दादाजी म्हणाले, "सोसायटीनं देल्लं." बाई म्हणाल्या, "सोसायटीले कोनं देल्लं?"

कोराडीला वीजघराचं काम निघालं आणि यांना तिथं नोकरी लागली, तेव्हाही तेच. मी म्हणायची, यांनी परीक्षा दिली, मुलाखत दिली, वर्षभर खेटे घातले. बाई म्हणायच्या, "हो ना. आन् लागला कुठी? आईच्या पायाशी." हे संध्याकाळी बसनं राखेनं माखून घरी आले की बाई त्यांच्या डोक्याला बोट लावायच्या, बोटं चोळून बघायच्या आणि म्हणायच्या, "सांधाले बिलकुल कामाची नाही ही राख. चुलीचीच बरी." आम्ही सगळे हसायचो. आमच्या त्या अंधाऱ्या खोलीतले ते दिवस बरे होते, हे मला आत्ता लिहिताना जाणवतं आहे... बरे होते.

पुढं दादाजी गेले. झोपेतच गेले. आम्हाला कोराडीत क्वार्टर मिळालं होतं. मी बाईंना म्हटलं, चला. नाही म्हणाल्या. "तुह्या घरात खड्डा कुठं खनशीन?" मागावर आता बसणारं कोणी नव्हतं. बाई शेजाऱ्यांच्या धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायच्या, पापड लाटून द्यायच्या आणि फणीतली टोकं विंचरायच्या. दर पंधरवड्याला मी पिशवी घेऊन जायची. शेवटचं गेले तेव्हा मेथी नेली होती. जुडी सोडून दोघी निवडत बसलो. मी आपलं नेहमीचं काढलं, "बाई, आता कोन ताना आननार आहे? दादाजी गेले, हे वीजघरात, माह्या पोरांले धोटा कोन्या बाजूनं धराचा ते मालूम नाही."

"आनन कोनीतरी."

"आन् नाही आनला तं?"

"तं टोकं राहतीन. त्यायले काय खाले लागते?"

मग मी म्हटलं, "तुम्ही एकट्या राहता. काही झालं तं जवळ कोनी नाही."

मेथीची काडी तोडत त्या म्हणाल्या, "एकटी कुठं वं? आई आहे ना." सहज म्हणाल्या, जसं कुणी सांगावं की दाराला कडी आहे. मी निघताना त्यांनी ओट्यावर येऊन विचारलं, "बस भेटन ना?" हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

एकटी कुठं, आई आहे ना... या एका वाक्यापाशी मी अडून बसले आहे. लोक समजूत घालतात, बाई पुण्यवान होत्या, हाल न होता गेल्या, देवीच्या पुढ्यात गेल्या. सगळं खरं असेल. मला फक्त एक विचारायचं आहे आणि ते मी कुणालाच विचारू शकत नाही. ज्या बाईनं लेकरू गेल्यावरही हिचं ताट चुकवलं नाही, सूत नसताना जिच्या भरवशावर टोकं धरून ठेवली, ती बाई त्या सांजेला मागाजवळ खाली बसली, तेव्हा ही तिथं होती का? होती, तर एक माणूस नाही पाठवता आलं तिला? मथुराबाई भिंतीपलीकडं स्वयंपाक करत होत्या. एक हाक त्यांच्या कानावर नाही घालता आली? आणि नव्हती, तर इतकी वर्षं बाई कुणाशी बोलत होत्या? माझ्या डोळ्यांना पाणी येत नाही ते या प्रश्नामुळं, असं मला वाटतं. रडायला आधी काहीतरी ठरावं लागतं.

तेरावं झालं. जुन्या घराला भाडेकरू मिळाला. त्याला पुढची खोली दुकानासाठी हवी होती. यांनी रविवारी सुताराला बोलावलं, माग सोडवायचा आणि खड्डा बुजवायचा असं ठरलं. लग्न होऊन आल्यापासून मी ज्याची वाट पाहिली ते एकदाचं होणार होतं. आदल्या दिवशी हे चाचरत म्हणाले, "टोकं कापा लागतीन. तुलेच कापा लागतीन." माझ्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं की आता या घरातली थोरली बाई मी आहे.

रविवारी सकाळी आम्ही दोघं सुताराच्या आधी पोचलो. मी कात्री घेऊन मागासमोर बसले. टोकं नुकती विंचरल्यासारखी होती, एकही गुंता नाही. त्यांवर राखेचा हात फिरवलेला. म्हणजे ज्या दिवशी गेल्या त्या दिवशीही सकाळी बाईंनी आपलं काम उरकलं होतं. मी मुठीत टोकं धरली. हिरवी, लाल, काही पांढरी, दादाजींच्या शेवटच्या ताण्याची. कात्री उघडली. मला वाटलं आता तरी काही होईल, हुंदका येईल, हात थरथरेल. काही झालं नाही. हात लाकडासारखा स्थिर होता. समोर कोनाड्यातून आई बघत होती, आणि मी तिच्याकडं पाहिलं नाही. पाहायचंच नव्हतं मला तिच्याकडं. आणि त्या क्षणी मला कळलं की इतके दिवस मी सुन्न झाले, सुन्न झाले म्हणून सगळ्यांना सांगते आहे, ते नुसतं सुन्नपण नाही. मी तोंड फिरवून बसले आहे. हा अबोला आहे. बाईंच्या घरात इतकी वर्षं काढून मी एवढंच उचललं होतं, आणि तेही मला न कळत.

मग मी कात्री मिटली. अबोल्यात कुणी टोक कापत नाही, भांडण भांडणाच्या जागी. बाईंच्या पेटीत ते चुकलेलं लुगडं होतं, विरून विरून चाळणीसारखं झालेलं, पण घडीत नीट ठेवलेलं. ते काढलं. पावसाळ्यात बाईंनी उचलली होती तशीच फणी आणि तिच्यामागच्या दोऱ्या टोकांसकट अलगद उचलल्या आणि त्या लुगड्यात गुंडाळल्या. सुतार दारात येऊन उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, हे ठेवून काय करशान? विननार कोन?" मी म्हटलं, "तुमी लाकूड सोडवा." यांनी कोनाड्यातली तसबीर काढून पदराखाली घेतल्यासारखी छातीशी धरली आणि आम्ही बसस्टँडवर आलो. मांडीवर मी फणी घेऊन, शेजारी हे आईला घेऊन. कंडक्टरनं पाहिलं, पण सामानाचं काही विचारलं नाही.

आता ते गाठोडं माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेलं आहे, गॅसच्या शेगडीच्या वर, म्हणजे दमट होणार नाही. त्या लुगड्याच्या घडीतून काठाचा एक तुकडा बाहेर आलेला दिसतो, लालमधली ती हिरवी रेघ अजून सलग आहे. मला विणता येत नाही, सांधताही येत नाही. ताणा कोण आणणार ते ठाऊक नाही. मी रोज सकाळी गाठोडं उतरवते, टोकं विंचरते, राख लावते आणि पुन्हा टांगते. राख चुलीचीच. गॅस आला तरी त्यासाठी मी मागच्या अंगणात छोटी चूल ठेवली आहे.

आईची तसबीर खाली फळीवर आहे. आमच्याकडं आजवर निरांजन लागायचं, ताट नव्हतं. आता दोन्ही वेळा तिचं ताट आधी वाढते. भात, वरण, चिमूटभर मीठ. तिच्याकडं बघत नाही, एक शब्द बोलत नाही. तिनं मला उत्तर दिलेलं नाही आणि मीही माघार घेतलेली नाही. पण ती उठून गेलेली नाही, एवढं मला दिसतं आहे. आज दुपारी हे जेवायला आले, पाटावर बसले आणि माझ्या फिरवलेल्या मानेकडं पाहत म्हणाले,

"अजून बोलली नाही काय वं तिच्यासंग?"

"नाही."

"मंग कवा बोलशीन?"

"मालूम नाही," मी म्हटलं. "तुमी जराशे सरका. आईचं ताट वाढाचं राहिलं आहे."